बावन्न पास, सात नापास आणि एक टीप

गणपतीला ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळात नवी मंडळी आली की ओळखी होतात. कोणी सॉफ्टवेअरमध्ये असतं, कोणी मोटारींमध्ये, कोणी विद्यापीठात पीएच.डी. करत असतं. माझी पाळी आली की मी सांगतो, मी स्पॅनिश गुणपत्रिकांचं इंग्रजी करतो. त्यावर एकजण तरी विचारतोच, "म्हणजे त्यात भाषांतर कसलं? सात म्हणजे सातच ना?"

नाही. स्पेनमध्ये सात म्हणजे दहापैकी सात, चांगले गुण. चिलीमध्ये सात म्हणजे पैकीच्या पैकी. बोलिव्हियात शंभरपैकी सात म्हणजे पेपर कोराच दिला असणार. आणि जर्मनीत एक हा सगळ्यांत वरचा, चार जेमतेम पास आणि पाच नापास, सात नाहीतच. हे सांगितल्यावर समोरचा माणूस सहसा प्रसादाच्या रांगेकडे बघायला लागतो.

मी मूळचा सांगलीचा, बी.कॉम. पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन स्पॅनिश शिकलो आणि दहा वर्षं हिंजवडीत स्पेनमधल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्या. मग वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात नोकरी लागली आणि मी तिच्यामागून इथे आलो. पहिली दोन वर्षं मी मुलीला शाळेत सोडायचो आणि जर्मन शिकायचो. त्यानंतर फ्राऊ हेनिंग्सच्या भाषांतर कचेरीत लागलो, त्याला आता अकरा वर्षं झाली.

काम असं आहे. इथल्या विद्यापीठांत इंग्रजीतून एम.एस. करता येतं. त्यासाठी कोलंबिया, मेक्सिको, पेरू, बोलिव्हिया अशा देशांतून मुलं अर्ज करतात. त्यांच्या गुणपत्रिका स्पॅनिशमध्ये असतात, त्यांचं शिक्का-सहीचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. विषयांची नावं लावणं सोपं. खरी मेख शेवटच्या ओळीत, जिथे सरासरी लिहिलेली असते. स्पॅनिशमध्ये तिला 'प्रोमेदियो' म्हणतात, पण नुसतं प्रोमेदियो क्वचितच असतं. कुठे साधी सरासरी, कुठे विषयाच्या तासांप्रमाणे भार दिलेली, कुठे फक्त पास झालेल्या विषयांची, तर कुठे नापास झालेले सगळे प्रयत्न धरून काढलेली. अर्जेंटिनाची विद्यापीठं कित्येकदा दोन्ही छापतात, नापास धरून आणि नापास सोडून. आपल्या एटीकेटीवाल्यांना विचारा, या दोन आकड्यांत केवढी दरी असते.

इंग्रजीत या सगळ्यांना सरसकट 'जीपीए' म्हणायची सोय आहे. तीन अक्षरं, सगळ्यांना कळल्यासारखी वाटतात. मीही इतकी वर्षं तेच लिहायचो. आता लिहीत नाही, आणि का लिहीत नाही तेच इथे सांगायचं आहे.

दुसरा नियम आकडे न बदलण्याचा. बोलिव्हियाचे शहात्तर जर्मनीचे किती, हे विद्यापीठाचा प्रवेश विभाग ठरवतो. त्याचं सूत्र ठरलेलं आहे. मी फक्त तो आकडा कसला आहे आणि कितीपैकी आहे, हे नीट सांगायचं. ऐकायला सोपं आहे, पण गिऱ्हाईक टेबलापलीकडे बसलेलं असतं. एक स्पॅनिश इंजिनीअर आले होते, पन्नाशीचे, सूट घातलेले. स्पेनमध्ये काही विद्यापीठं शून्य ते चार अशा मापात सरासरी देतात; एक म्हणजे नुसतं पास आणि चार म्हणजे सर्वोत्तम. यांची सरासरी होती एक पूर्णांक चार. आणि जर्मनीत एक पूर्णांक चारवाला म्हणजे वर्गातला पहिला-दुसरा. त्यांनी अगदी गोड आवाजात विनंती केली, की खाली मापाची जी बारीक ओळ आहे तेवढी गाळा. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मी खोटं कुठे बोलतोय? मी फक्त गप्प बसणार आहे." मी म्हटलं, गप्प बसायला शिक्का लागत नाही. ते कागद घेऊन उठले आणि पुन्हा आले नाहीत.

इतका कडक मी, तरी माझी चूक झालीच. आणि ती ढिलेपणामुळे नाही, कडकपणामुळेच झाली.

माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. निकालाच्या दिवशी आमच्याकडे पेढे नंतर, आधी बेरीज. गुणपत्रिका हातात आली की ते पेन्सिलीने प्रत्येक गुणावर टिंब देत खाली उतरायचे आणि एकूण ताडून बघायचे. एकदा शेजारच्या शोभाताईंच्या गुणपत्रिकेत त्यांना दहा गुण कमी मोजलेले सापडले. बोर्डाकडे दोन खेपा घालून त्यांनी ते दुरुस्त करून आणले होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की वरचे गुण आणि खालचा आकडा जुळत नसेल तर कोणातरी पोरीवर अन्याय झालाय. आपल्याकडच्या गुणपत्रिकेपुरतं ते बरोबरही आहे. तिथे जे वर छापलंय त्याचीच बेरीज खाली असते.

त्यामुळे भाषांतराला आलेली प्रत्येक गुणपत्रिका मी आधी कॅल्क्युलेटरवर तपासतो. हे माझं काम नाही. वैशाली म्हणते, "तू भाषांतरकार कमी आणि मॉडरेटर जास्त आहेस. लाल पेन तेवढं आणायचं राहिलंय." मी हसण्यावारी नेत असे.

मारिसोल आमच्याकडे आली ती जूनच्या सुरुवातीला. वय सत्तावीस, बोलिव्हियातल्या एका डोंगराळ शहरातली, धातुशास्त्राची इंजिनीअर. इथे ती वृद्धाश्रमात वर्षभराच्या स्वयंसेवेच्या करारावर काम करत होती. करार ऑगस्टअखेर संपणार होता आणि राहण्याचा परवाना त्याला बांधलेला. दक्षिण जर्मनीतल्या एका विद्यापीठात एम.एस.ला प्रवेश मिळाला तर परवाना पुढे चालू, नाहीतर सप्टेंबरात परत. हे तिने एका दमात, अगदी हवामान सांगावं तसं सांगितलं. मला ती 'दोन आनिल' म्हणायची. तिकडे आदराने नावाआधी 'दोन' लावतात.

तिच्या गुणपत्रिकेत बावन्न विषय होते, शंभरपैकी गुण, एक्कावन्नला पास. खाली 'प्रोमेदियो हेनेराल', म्हणजे सर्वसाधारण सरासरी : ७१.९०. मी बावन्न गुणांची बेरीज केली. तीन हजार नऊशे त्र्याहत्तर. भागिले बावन्न, ७६.४०. पुन्हा केली. तेच. साडेचार गुणांचा फरक.

माझ्या डोळ्यांसमोर शोभाताईंची गुणपत्रिका आली. मी मारिसोलला एकदा फोन केला. ती कामावर होती, उचलला नाही. दुसऱ्यांदा केला नाही. ७१.९० समोर मी 'जीपीए' लिहिलं आणि खाली चौकटी कंसात माझी टीप घातली : वरील गुणांची सरासरी प्रत्यक्षात ७६.४० येते. शिक्का मारला, सही केली. संध्याकाळी घरी कणीक मळताना वैशालीला सांगितलंसुद्धा, आज एका मुलीचे साडेचार गुण वाचवले. ती म्हणाली, "तिने सांगितलं होतं वाचवायला?" मी कणकेत आणखी पाणी घातलं.

तीन आठवड्यांनी मारिसोल विद्यापीठाचं पत्र घेऊन आली. पत्र सभ्य होतं. कागदपत्रांतले गुण आणि अधिकृत सरासरी यांत विसंगती आढळते, भाषांतरकारानेही ती नोंदवली आहे. गुणांत फेरफार झालेला नाही हे मूळ संस्थेच्या दाखल्याने चौदा दिवसांत सिद्ध करावं, अन्यथा अर्ज बाद धरण्यात येईल. साध्या मराठीत सांगायचं तर, पोरीने गुण वाढवून छापले आणि सरासरी बदलायची विसरली, असा त्यांना संशय आला होता. आणि तो संशय माझ्या सहीनिशी आला होता.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली, पत्र टेबलावर सरळ करून ठेवलं आणि म्हणाली, "दोन आनिल, ती सरासरी बरोबर आहे."

मग तिने सांगितलं. त्यांच्या विद्यापीठात पदवीबरोबर जी गुणपत्रिका देतात तीत फक्त पास झालेले विषय असतात. पण खालची सरासरी सगळ्या प्रयत्नांची असते, नापास धरून. तिथे हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून कोणी लिहीत नाही. ती सात वेळा नापास झाली होती, सगळं एकाच वर्षात. वडील आजारी होते, आई त्यांच्याबरोबर दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात. घरचं वह्या-पेनांचं दुकान मारिसोल सांभाळत होती. परीक्षा कशा गेल्या म्हणून आई रोज फोनवर विचारायची आणि ही रोज सांगायची, छान गेल्या. वर्षअखेरीला वडील वारले. त्यानंतर खरं सांगण्यात अर्थ उरला नाही. सातही विषय तिने पुढच्या वर्षी काढले.

मी म्हटलं, दाखला मागवायचा तर तुमच्याऐवजी तिथे कोण जाईल?

"आईच," ती म्हणाली. "आणि तिला माहीत नाही."

ती विचार करून सांगते म्हणाली आणि गेली. मी पत्राची प्रत घेऊन फ्राऊ हेनिंग्सच्या खोलीत गेलो. बाई साठीच्या, हुशार, तीस वर्षं कचेरी चालवलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे तोडगा सुचवला : टीप काढायची, नवं भाषांतर छापायचं, तीच जुनी तारीख घालायची आणि पाठवून द्यायचं. चूक कबूल केल्याचं एक अक्षर कागदावर नको. हे बघा, कचेरीचं नाव आहे, विमा कंपनी आहे, उद्या कोणी दावा लावला तर काय करायचं?

मी म्हटलं, एकाच कचेरीची, एकाच तारखेची दोन वेगवेगळी भाषांतरं त्या विभागाच्या टेबलावर गेली तर ते आपल्यावर संशय घेणार नाहीत. मुलीवर घेतील. त्यांना वाटेल तिनेच आपल्याकडून टीप काढून घेतली.

"ते तुम्हाला खात्रीने माहीत आहे का?"

"नाही. पण तिच्या जिवावर पडताळून बघायचं नाही मला. पत्र जाईल, चूक माझी असं त्यात असेल आणि सही माझी असेल. कचेरीच्या कागदावर नको असेल तर साध्या कागदावर लिहितो."

अकरा वर्षांत मी फ्राऊ हेनिंग्सना एवढं कधी बोललो नव्हतो, आणि जर्मनमध्ये तर नाहीच. त्या म्हणाल्या, "कचेरीच्याच कागदावर लिहा. साध्या कागदावर आणखी वाईट दिसेल." पत्राचा मसुदा त्यांनी स्वतः तपासला आणि त्यातली माझी तीन क्षमायाचनेची वाक्यं कापून एकच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मारिसोलचा निरोप आला : आईला सांगितलं, ती जाईल. बाकी काही नाही. मी त्या दुपारी त्यांच्या विद्यापीठात फोन लावला. आमच्याकडे चार वाजले होते, तिकडे सकाळचे दहा. तिथे गुणांच्या नोंदी ठेवणाऱ्या खिडकीला 'कार्देक्स' म्हणतात. खिडकीवर सेवेरिनो नावाचे गृहस्थ होते. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही जर्मन का?"

"नाही, भारतीय."

"भारतीय माणूस जर्मनीतून मला स्पॅनिशमध्ये विचारतोय, की आमची सरासरी बरोबर आहे का."

"हो."

"बरोबर आहे. मी इथे चोवीस वर्षं बसतोय, आजवर कोणी विचारलं नाही."

फोनवर ते काही देणार नव्हते, आणि ते बरोबरच होतं. विद्यार्थी किंवा रक्ताचं नातेवाईक हवं, ठरावीक फॉर्म हवा, आणि मग संपूर्ण इतिहास मिळतो. प्रत्येक विषय, प्रत्येक प्रयत्न. मी म्हटलं, त्यात दोन्ही सरासऱ्या वेगवेगळ्या लिहून द्याल का? ते म्हणाले, तसा रिवाज नाही. मी म्हटलं, रिवाज नाही म्हणूनच ही मुलगी अडकली आहे. थोडा वेळ त्यांच्या बाजूला कागदांचा आवाज येत राहिला. "आईंना पाठवा," ते म्हणाले. "बघतो."

मारिसोलची आई दुकान बंद ठेवून तीन दिवस त्या खिडकीवर गेली. चौदापैकी दहावा दिवस उजाडला तेव्हा दाखला स्कॅन होऊन आला, मूळ प्रत मागून निघाली होती. सेवेरिनोंनी दोन्ही सरासऱ्या टाईप केल्या होत्या, प्रत्येकीखाली वेगळी सही आणि शिक्का.

मारिसोल कचेरीत येऊन माझ्या शेजारी बसली आणि आम्ही एकेक ओळ केली. एकोणसाठ ओळी. बावन्न आधीच्याच होत्या. उरलेल्या सातांवर आलो तेव्हा मी गुण मोठ्याने वाचले, कारण आकडा दोघांनी बघायचा असा आमचा नियम आहे : चव्वेचाळीस, अडतीस, एक्केचाळीस, एकोणतीस, सत्तेचाळीस, पस्तीस, पस्तीस. ती प्रत्येक आकड्याला मान हलवत होती. एकोणतिसावर म्हणाली, "त्या दिवशी मी अर्ध्या तासात उठून आले. दुकानाची किल्ली माझ्याकडे होती आणि माल घेऊन गाडी येणार होती."

दुरुस्त भाषांतरात मी जीपीए लिहिलं नाही. पहिल्या आकड्यापुढे लिहिलं, पास झालेल्या बावन्न विषयांची सरासरी. दुसऱ्यापुढे, नापास धरून सर्व एकोणसाठ प्रयत्नांची सरासरी. दोन्हीपुढे, शंभरपैकी, पास एक्कावन्नला. शब्द जास्त झाले, ओळ दुसऱ्या ओळीत गेली, जाऊ दे. टीप घातली नाही. फक्त दुरुस्तीचं माझं पत्र वर लावलं.

चार दिवसांनी विद्यापीठाच्या प्रवेश विभागातल्या बाईंचा मला फोन आला. त्यांचा संशय फिटला होता, पण एक अडचण होती. त्या विषयाला जर्मन मापात अडीचपर्यंतचेच अर्ज घेतात. सूत्र असं : शंभरातून आपली सरासरी वजा करायची, शंभर वजा एक्कावन्न म्हणजे एकोणपन्नासने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. शहात्तर पूर्णांक चारचे होतात दोन पूर्णांक चार, आत. एकाहत्तर पूर्णांक नऊचे दोन पूर्णांक सात, बाहेर. हे मी दहा दिवसांपूर्वीच काढून ठेवलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मिस्टर देशमुख, तुम्हाला त्या देशाची पद्धत माहीत आहे. यातली कुठली धरायची?"

अगदी सोपं होतं. 'पहिली' एवढं म्हणायचं. त्या लिहून घ्यायलाच बसल्या होत्या. आणि माझ्या मते तीच योग्य होती, कारण इथल्या पोरांच्या पदवीच्या गुणांतही नापास झालेला प्रयत्न धरत नाहीत. पण याआधी एकदा मी माझं मत तिच्या कागदावर लिहिलं होतं.

मी म्हटलं, "दोन्ही खऱ्या आहेत. कुठली धरायची हे तुमच्या नियमावलीत असेल, माझ्याकडे नाही. मी एवढंच खात्रीने सांगू शकतो, की आता कागदावर जे आहे ते पुरं आहे. बेरीज जुळते. मी दोनदा केली."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हे मी मारिसोलला सांगितलं. लपवलं असतं तरी चाललं असतं, पण त्या महिन्यात लपवाछपवी पुरेशी झाली होती. ती म्हणाली, "तुम्ही फक्त 'पहिली' म्हणायचं होतं." मी हो म्हटलं. ती निघून गेली आणि आठवडाभर फिरकली नाही. त्या आठवड्यात मी एकाही गुणपत्रिकेची बेरीज केली नाही. वैशालीने विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मग एका दुपारी ती आली, हातात फोन. प्रवेश मंजूर झाल्याचं पत्र होतं, जर्मनमध्ये. तिला ते समजलं होतं, पण आईला फोनवर वाचून दाखवायचं होतं आणि स्वतःच्या आवाजावर तिचा भरवसा नव्हता. मला म्हणाली, तुम्ही वाचा, आई माझ्यापेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवेल. हा टोमणा होता आणि तो मला लागला, कारण तिचं खोटं आईपुढे उघडं पडलं ते माझ्या टिपेमुळेच; पण मी वाचलं. पत्रात परदेशी पदवीचे गुण म्हणून दोन पूर्णांक चार दिले होते.

"दोन पूर्णांक चार? शंभरपैकी?" पलीकडून आईंनी विचारलं.

मी समजावून सांगितलं, की इथे आकडा जितका लहान तितका चांगला. त्यांना ते पटल्यासारखं वाटलं नाही. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "दोन आनिल, ते सात विषय त्या लोकांनी बघितले का? मी खिडकीवर उभी राहून ते कागद आणले. मला खरं सांगा."

"बघितले, सेन्योरा. सगळे. नावांसकट आणि गुणांसकट."

"आणि तरी घेतलं तिला?"

"तरी घेतलं."

त्यांनी काहीतरी म्हटलं, ते माझ्यासाठी नव्हतं. मी फोन मारिसोलच्या हातात दिला आणि दार लोटून बाहेर जाऊन उभा राहिलो.